‘तंबाखू नाही, मिश्री लावते’

अणदूरला बोलायचं म्हटल्यावर सुरुवात खंडोबापासूनच करावी लागते. बाहेरच्या माणसाला आम्ही सांगतो की इथला देव सव्वादहा महिने अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला, आणि दोन्ही गावांचे मानकरी करार करून त्याची ने-आण करतात. ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात. देव कधी बदलीवर जातो का, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. तुम्हाला मात्र त्यात काहीच नवल वाटत नाही, कारण तुमचं ते रोजचं आहे.

माणसाच्या सवयींचंही असंच असतं. आपण तांब्या उंच धरून ओठ न लावता घटाघटा पाणी पितो, ते परदेशी पाहुण्याला सर्कशीसारखं वाटतं. आपण बशीत चहा ओततो आणि पुण्या-मुंबईची नातवंडं हसतात. यातल्या बऱ्याच सवयी निरुपद्रवी आहेत. हसणाऱ्यानं हसावं, पिणाऱ्यानं प्यावं. आज मात्र आम्हाला अशा एका सवयीबद्दल बोलायचंय, जिचं बाहेरच्याला नवल वाटतं, घरात कुणाला काहीच वाटत नाही, आणि नेमकं तिथंच ती महागात पडते. ती सवय म्हणजे मिश्री. कुणी मिशरी म्हणतं, कुणी मिसरी, मुंबई-कोकणाकडं मशेरी. वस्तू एकच.

सकाळचं चित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. पहाटे उठून अंगण झाडलं, चूल पेटली, की घरातली बाई उंबऱ्यावर नाहीतर न्हाणीपाशी टेकते. डाव्या तळहातावर डबीतली काळी पूड, उजव्या हाताची तर्जनी तीवर टेकवायची आणि दात घासायचे. दात घासून झाले तरी बोट थांबत नाही. हिरड्यांवरून, ओठाच्या आतून ते फिरत राहतं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मध्येच पिंक टाकायची, शेजारणीशी दोन शब्द बोलायचे. काहीजणी दुपारी जेवणानंतर पुन्हा लावतात, रात्री झोपताना पुन्हा.

मिश्री माहीतच नाही अशा मुलखातून नवी सून आली की पहिल्या सकाळी ती बघतच राहते. सासूबाईंचे दात इतके घाण झालेत का, की पंधरा मिनिटं घासावेत? आणि एखाद्या दुपारी तव्यावर तंबाखू भाजायला टाकली की घरभर असा ठसका उठतो की ती पदर तोंडाला लावून अंगणात पळते. बाकी घर आपापल्या कामात. पोरंसुद्धा खोकत खोकत अभ्यास करतात.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबाखूची पानं तव्यावर काळपट होईपर्यंत भाजायची, गार झाली की हातानं चुरायची, वस्त्रगाळ करायची, डबीत भरायची. झाली मिश्री. त्यात तंबाखूशिवाय दुसरं काहीच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम पडणार आहे.

आता ही सवय आली कुठून? तंबाखू आपल्या मातीतली नाही. ती अमेरिकेतली वनस्पती, पोर्तुगीजांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि दख्खनमध्ये पसरली. गंमत बघा, अकबर बादशहाला तंबाखू भेट मिळाली ती विजापूरहून. त्याचा सरदार असद बेग विजापूरच्या दरबारात गेला होता, तिथं त्याला हा प्रकार दिसला, आणि १६०४-०५ च्या सुमारास त्यानं तो बादशहापुढं ठेवला. हकीम नको म्हणत होता, बादशहानं तरी दोन झुरके घेऊन बघितले. विजापूरला तेव्हा राज्य होतं दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचं. म्हणजे ज्याच्या काळात आपल्या शेजारच्या नळदुर्ग किल्ल्यात पाणीमहाल बांधला गेला, तोच. तंबाखूचा दिल्ली-आग्र्याकडचा रस्ता आपल्याच मुलखातून गेलाय, असं म्हणायला हरकत नाही.

पण चिलमीतली तंबाखू बायकांच्या दातांवर कशी आली? याचं उत्तर आम्हाला सवयीच्या आकारात दिसतं. दात काळ्या पुडीनं, बोटानं घासायचे, ही रीत तंबाखूवर अवलंबून नव्हती. राखुंडी आठवते ना? गोवऱ्यांची राख, कोळशाची पूड. बाभळीची, लिंबाची काडी होती. शिवाय बायका दात काळे करायला दातवण लावत, उत्तरेत त्याला मिस्सी म्हणत. काळे दात हा तेव्हा शृंगार होता. हे फक्त आपल्याकडं नव्हतं. जपानमध्ये लग्न झालेल्या बायका आणि खानदानी लोक शतकानुशतकं दात काळे करत. तिथल्या सरकारनं १८७० मध्ये उमराव घराण्यांना ते बंद करायला लावलं, आणि १८७३ मध्ये खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली, तेव्हा जुन्या लोकांना धक्का बसला होता. तर हात तोच, बोट तेच, वेळ तीच. राखुंडीच्या जागी भाजलेली तंबाखू आली, एवढाच काय तो बदल. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळायचं कारणच नाही. आजही कळत नाही.

आणि इथंच खरी अडचण आहे. बिडी ओढणारा माणूस बिडी ओढतो हे त्याला माहीत असतं, बायकोला माहीत असतं, डॉक्टरला वासावरून कळतं. मिश्री लावणारी बाई तिच्या मते दात घासते. दात घासणं ही स्वच्छतेची गोष्ट, संस्काराची गोष्ट. तिला व्यसन कोण म्हणेल?

आमची स्वतःची फजिती सांगतो. आम्ही दातांच्या तपासणीसाठी गावोगाव जातो. सुरुवातीच्या काळात आमच्या कागदावर एक प्रश्न होता: ‘तंबाखू खाता का?’ बाया सरळ उत्तर द्यायच्या, “न्हाई बाई, तंबाखू कशाला खाऊ?” आम्ही ‘नाही’वर खूण करायचो आणि पुढची बाई बोलवायचो. एकदा एका मावशींनी असंच नाही सांगितलं. तोंड उघडलं तर खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा, हिरड्या मागं सरकलेल्या, दातांची मुळं उघडी. आम्ही पुन्हा विचारलं, “मावशी, खरंच काही खात नाही?” त्या जरा रागावल्याच. “आवं, खोटं कशाला बोलू? मिसरी लावते तेवढी, सकाळ-संध्याकाळ.” त्या खोटं बोलत नव्हत्याच. चुकीचा प्रश्न आम्ही विचारला होता. त्या दिवसाआधी किती बायकांच्या नावापुढं आम्ही ‘नाही’ लिहिलं असेल, ते आता मोजता येत नाही. ते मनाला लागून राहिलंय.

आता बाई म्हणते, “पण मला गुण येतो.” यावर आमचे काही डॉक्टर मित्र एकदम ‘अंधश्रद्धा’ म्हणून मोकळे होतात. आम्हाला ते पटत नाही. गुण येतो हे खरं आहे, फक्त त्याचं कारण वेगळं आहे. नीट समजून घेऊ.

तोंडाच्या आतली कातडी फार पातळ असते आणि तिच्याखाली रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. म्हणूनच छातीत कळ आली की एक गोळी जिभेखाली ठेवायला देतात, पोटात जायची वाट बघत नाहीत. मिश्रीतलं निकोटिन याच वाटेनं रक्तात जातं, तिथून मेंदूत. तरतरी येते. निकोटिन आतड्यांनाही चालना देतं, म्हणून “मिश्री लावल्याबिगर पोट साफ होत नाही” हे म्हणणं पूर्ण खोटं नाही. निकोटिन भूक मारतं. दिवसभर खुरपायला जाणाऱ्या, घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईला भूक मेलेली सोयीचीच वाटते, हे लिहायला आणि बोलायलाही वाईट वाटतं. दातदुखीत लावली की ठणका जाणवायचा थांबतो, पण कीड आपलं काम करतच राहते. दिवस गेल्यावर मळमळ होते म्हणून कुणी पहिल्यांदा लावते. कारणं अशी साधी असतात. चैन म्हणून सुरू केलेली बाई आम्हाला क्वचितच भेटली.

मग पुढं काय होतं? रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्म्यावर येतं. रात्री आठ तास झोपलात तर सकाळी सोळावा हिस्सा उरला. अंग जड, डोकं दुखतंय, चिडचिड, पोट गच्च. मिश्री लावली की सगळं मोकळं. बाईला वाटतं मिश्रीनं बरं वाटलं. खरं म्हणजे कालच्या मिश्रीनं जे बिघडवलं तेच आजच्या मिश्रीनं तात्पुरतं सावरलं. सावकाराच्या कर्जासारखं आहे ते, नवं कर्ज काढून जुन्याचं व्याज फेडायचं.

आता तोट्याकडं वळू. पुणे जिल्ह्यात १,०१,७६१ खेडूतांची तोंडं तपासून केलेला एक मोठा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडाचा कॅन्सर आणि त्याआधीचे चट्टे यांचा तो अभ्यास होता. म्हणजे हा विषय पन्नास वर्षांपूर्वीच आपल्या दारात येऊन गेलाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन विभागानं धूर न होणारी तंबाखू माणसात कॅन्सर करते, असं स्पष्ट नोंदवलंय. ही यादी चघळायच्या तंबाखूपुरती नाही, लावायच्या तंबाखूलाही ती लागू आहे. मिश्रीत आणखी एक भर पडते. तव्यावर भाजताना पानं करपतात आणि करपण्यातून जी घातक रसायनं तयार होतात, ती तंबाखूत मुळात असलेल्यांच्या जोडीला येतात.

काहींना वाटेल, हे गरीब खेड्यातलं दुखणं. तसं नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या बायकाही पिढ्यान्‌पिढ्या कोरडी तपकीर हिरडीला लावायच्या, कधी काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करून. तिथल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातला अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. धूम्रपान न करणाऱ्या गोऱ्या बायकांमध्ये तपकीर लावणाऱ्यांना तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका चौपटीहून अधिक निघाला. वर्षानुवर्षं लावणाऱ्यांच्या गालात आणि हिरडीत, म्हणजे जिथं पूड बसते तिथंच, तो कितीतरी पटींनी जास्त होता. सात समुद्रापलीकडच्या बायका, पण बोट आणि हिरडी तीच.

आणि आता जे सांगतो ते घरातल्या सासवांनी, नणंदांनी, आणि पुरुषांनीही ऐकावं. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा बाळंतपणापर्यंत पाठपुरावा केलेला एक अभ्यास २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक बायका मिश्रीच लावणाऱ्या होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झालं. १०५ ग्रॅम म्हणजे काय, मूठभर, असं वाटेल. पण अडीच किलोच्या काठावर असलेल्या बाळाला तेवढंच काठाखाली ढकलतं. आईच्या रक्तातलं निकोटिन वारेतून बाळापर्यंत जातं, नंतर दुधातूनही जातं. आईनं दात घासले आणि वजन बाळाचं घटलं, असा हा प्रकार आहे.

मग सरकार काय करतंय, असं कुणीतरी विचारणारच. सरकारनं बरंच केलंय. १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी आली, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती उचलून धरली. २००३ मध्ये तंबाखू नियंत्रणाचा कायदा आला. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखा बंद झाला. कागदावर तरी. २०१६ पासून पाकिटावर ८५ टक्के जागेत इशारा असतो. आता या सगळ्या कायद्यांच्या चाळणीतून मिश्री टाकून बघा. ती कारखान्यात होत नाही, म्हणून मंजनाची बंदी तिला लागत नाही. सुटी पानं आणली तर पाकीट नाही, पाकीट नाही तर चित्र नाही. असलं तरी ते बाजारातून आणणारा पुरुष बघणार, डबी उघडणारी बाई नाही. घरच्या तव्यावर कुठला निरीक्षक येणार? आणि येऊही नये. कायद्याचा हात जिथं पोचत नाही तिथं माणसाचाच शब्द पोचवावा लागतो.

तंबाखूच्या सरकारी पाहणीत हे ओळखून मिश्रीची विचारणा नाव घेऊन करतात. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. २००९-१० मध्ये हाच आकडा ३१.४ होता, म्हणजे घट झाली, चांगलं आहे. ओढणारे त्यात फक्त ३.८ टक्के. बाकी सगळा मामला खाण्या-लावण्याचा. बायकांमध्ये प्रमाण १७ टक्के, म्हणजे सहा जणींत एक. या सभागृहात साधारण साठ जणी आहेत. हिशेब तुम्हीच करा. (हशा)

प्रश्न कोण विचारतं, यालाही महत्त्व आहे. हे अणदूरला सांगायची गरज नाही. हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी इथं गावातल्याच बायांना शिकवून ‘भारतवैद्य’ तयार केल्या, तेव्हा ‘आशा’ ही योजना यायची होती. शिकलेल्या डॉक्टरला जे सांगितलं जात नाही ते ओळखीच्या बाईला अंगणात बसून सांगितलं जातं. आमचा अनुभव तोच. आम्ही आता ‘तंबाखू खाता का’ विचारतच नाही. ‘ताई, सकाळी दात कशानं घासता?’ असं विचारतो. उत्तर सरळ येतं. लाज नाही, लपवाछपवी नाही. मग ‘दिवसातून किती वेळा?’ तीन म्हणाली की आम्ही एवढंच म्हणतो, “दात तीनदा घासायला इतके मळतात का?” बाई हसते. बहुतेक वेळा तिला स्वतःलाच कळतं.

सोडायचं कसं? आमचं मत असं की नुसतं ‘सोडा’ म्हणणं फुकट आहे, कारण सकाळची ती पंधरा मिनिटं पुष्कळ बायकांची दिवसातली एकमेव स्वतःची वेळ असते. त्या वेळेत कुणी हाक मारत नाही. ती वेळ काढून घेतली तर मिश्री पुन्हा येणार. म्हणून वेळ तीच ठेवा, बसायची जागा तीच ठेवा, हातात ब्रश घ्या. पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. आधी दुपारची आणि रात्रीची मिश्री बंद करा, मग दिवस ठरवून सकाळची. पहिले तीन-चार दिवस वाईट जातात. डोकं धरतं, पोट अडतं, माणूस खेकसतो. गरम पाणी, भाजी, फळं, थोडं चालणं यानं पोट मार्गावर येतं. दोन-चार आठवड्यांत बाकीचं निवळतं. त्या आठवड्यात घरच्यांनी जरा सांभाळून घ्यावं, चहात साखर कमी पडली म्हणून भांडू नये. घरात सासू-सून दोघी लावत असतील तर एकदमच सोडा. एकीच्या डबीचा वास आला की दुसरीचा निश्चय टिकत नाही. आणि मिश्री सोडून राखुंडी, मीठ, विटेची पूड हे नको, त्यानं दातांचं वरचं आवरण झिजतं. मदत लागली तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन फुकट आहे.

नंतर श्रोत्यांमधून दोन प्रश्न आले, तेही इथं देतो. एका तरुणानं विचारलं, “आजी माझ्या मुलीच्या बोटालाही लावते, थोडीशी. सांगितलं तर रुसते.” हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आजी तिच्या मते नातीला दात घासायला शिकवतेय, माया म्हणूनच. तिच्याशी भांडू नका. नातीला आणि आजीला एकाच दिवशी दोन ब्रश आणा, आणि शिकवायचं काम आजीकडंच ठेवा. मिश्रीची डबी मात्र पोरांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. लहान पोरानं ती पूड गिळली तर निकोटिननं विषबाधा होते. उलट्या, घाम, सुस्ती दिसली तर थेट दवाखाना गाठा.

दुसरा प्रश्न मागं बसलेल्या एका आजींचा होता. “चाळीस वर्सं झाली लावतेय. आता सोडून काय उपेग?” आजी, उपयोग आहे. तोंडातला पांढरा चट्टा, सवय सुटली की पुष्कळदा फिका पडतो, काही वेळा जातोही. धोका एका दिवसात संपत नाही, पण वाढायचा थांबतो आणि हळूहळू उतरतो. मात्र चट्टा बोटानं पुसून जात नसेल, लाल झाला असेल, तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर सुटायची वाट बघत बसू नका, आधी दाखवा. चट्टा असताना कळलं तर उपचार छोटा असतो. दुखायला लागल्यावर आलात तर मोठा. सुरुवातीला दुखत नाही, हीच यातली फसवणूक आहे.

बाहेर ओट्यावर आम्ही आरसे ठेवलेत. अजून ऊन आहे, उजेड चांगला आहे. खालचा ओठ बाहेर ओढून आतली बाजू बघायची, मग दोन्ही गाल, मग जिभेच्या कडा. कसं बघायचं ते दाखवतो. आजी, तुम्ही पहिल्या या.